रिकाम्या जागेची किंमत

डेंगीची साथ आली की ग्वाल्हेरच्या दौलतगंजात पहिली चौकशी प्लेटलेटची होते. विषाणू कुठल्या घराण्यातला, हे कोणी विचारत नाही. रुग्णाच्या घरच्यांना त्याचे काय? २००१ साली ग्वाल्हेरात साथ आली तेव्हा तो प्रश्न याच शहरातल्या डीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विचारला. विषाणू डेंगीच्या दुसऱ्या प्रकारातला निघाला. त्याच्या जनुकीय क्रमाचे तुकडे जगभरच्या जुन्या नोंदींशेजारी मांडल्यावर त्याची शाखाही कळली.

ही तुलना म्हणजे पोथ्यांचे पाठभेद लावणेच. लेखनिकाने एक शब्द गाळला की पुढची सगळी ओळ सरकते, म्हणून जुळवणारा तिथे रिकामी जागा सोडतो. डेंगीच्या पोथीत अक्षरे सुमारे १०,७००, आणि वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची. रिकाम्या जागा फुकट सोडू दिल्या तर कोणतीही पोथी कोणत्याही पोथीशी जुळेल; त्यासाठी दंड ठेवावा लागतो. १९९० पासून वापरात असलेला 'ब्लास्ट' हा संगणक-प्रोग्राम प्रथिनांची तुलना करताना जागेला ११ आणि तिच्यातल्या दर अक्षरामागे १ असा दंड आपणहून धरून चालतो. हे आकडे पानाच्या तळाशी, मिटलेल्या कप्प्यात असतात. नवखा विद्यार्थी तो कप्पा कशाला उघडेल?

सोपे सॉफ्टवेअर म्हणजे एक चौकट आणि एक बटण, ही समजूत आम्हाला अर्धीच पटते. १९९७ च्या 'क्लस्टल एक्स' या जुळणीच्या सॉफ्टवेअरने खिडक्या आणि रंग आणले, हे उपकारच. (लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यांचा विचार मात्र अशा रंगसंगतीत अनेकदा राहून जातो.) खरी अडचण निकाल वाचताना येते. ब्लास्टचा 'ई' आकडा सांगतो, की इतके साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडावे. तेच साम्य नोंदींच्या मोठ्या संग्रहात शोधले की आकडा फुगतो, आणि विद्यार्थ्याला वाटते आपलेच काही चुकले. 'संग्रह वाढला, म्हणून आकडा वाढला' एवढी एक ओळ शेजारी असली तरी पुरे. ती मराठीत का असू नये?

आणि निकाल उतरवून घेतला की दंडाचे आकडे, संग्रहाचे नाव व तारीख, सॉफ्टवेअरची आवृत्ती हे सारे त्याच फाइलीत न मागता आले पाहिजे. पोथीच्या शेवटी लेखनिक आपले नाव, शक आणि तिथी लिहून ठेवत असे, ते काही कोणी मागितले म्हणून नव्हे.