पंखाचा भार कुठे जातो?

शर्यतीच्या गाडीला पंख पहिल्यांदा कोणी लावला, यावर वाद पुष्कळ होतात. आपल्यासारख्या वाहनरचनाकारांनी विचारायला हवे ते वेगळेच: तो पंख टेकवला कशावर?

टेक्सासच्या जिम हॉल यांनी १९६६ साली कॅन-अ‍ॅम मालिकेत ‘चॅपरल २ई’ उतरवली. तिचा मागचा पंख उंच खांबांवर होता आणि ते खांब बॉडीला नव्हे, थेट चाकांच्या हबला जोडलेले होते. हवेचा दाब स्प्रिंगांना वगळून सरळ टायरवर उतरे. पंख बॉडीवर असता, तर तो भार पेलायला स्प्रिंगा कडक कराव्या लागल्या असत्या आणि खडबडीत वळणावर पकड गेली असती.

पायाशी केलेली योजना तर मला त्याहून सुंदर वाटते. गिअरबॉक्सला टॉर्क कन्व्हर्टर असल्याने क्लचचे पेडल नव्हते. रिकाम्या झालेल्या डाव्या पायाला हॉल यांनी पंखाचे पेडल दिले. सरळ रस्त्यावर ते दाबून धरले की पंख आडवा होई, हवेचा अडथळा घटे. वळणाआधी पाय ब्रेककडे गेला की पंख आपोआप कलून चाके दाबू लागे. चालकाला निराळे काही लक्षात ठेवायचे नव्हते.

हॉल कॅलटेकमध्ये मेकॅनिकल शिकलेले, स्वतः फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवलेले. मिडलंडच्या कार्यशाळेलगत त्यांचा स्वतःचा चाचणी ट्रॅक होता. आपण आखलेले बरोबर की चूक, हे त्यांना स्टिअरिंग धरून कळे.

२ईने शर्यत जिंकली ती एकच, लागुना सेकाची. १९७०ची ‘२जे’ दोन पंख्यांनी गाडीखालची हवा ओढून रस्त्याला चिकटे. सरावात ती सर्वांत वेगवान ठरली, जिंकली मात्र एकदाही नाही. त्या मोसमानंतर तिच्यावर बंदी आली.

पुढे उंच पंखांवरही बंदी आली; तिचा दोष मी नियमकर्त्यांना देत नाही. हॉल यांचे पाहून फॉर्म्युला वनमध्येही चाकांवर टेकलेले उंच पंख आले, पण त्यांचे खांब नाजूक होते. १९६९ साली बार्सिलोनात लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख मोडले, दोन्ही आदळल्या. भारमार्ग नकलला गेला, त्या मार्गाने येणाऱ्या भाराचा हिशेब राहून गेला. दुसऱ्याची गाडी सुटी करून मापे घेताना आपल्याकडेही हेच घडते. म्हणून यापुढे रचनेवरच्या प्रत्येक लेखासोबत आम्ही भारमार्गाची आकृती मागणार आहोत, बलांच्या आकड्यांसह.