पाकिटाबाहेरचे मतदार

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर १२-डी अर्जाची मुदत उलटलेली असेल. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला. पण वयाची ८५ ओलांडलेल्या किंवा ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदाराला घरीच मत द्यायचे, तर अधिसूचनेनंतर ५ दिवसांत हा अर्ज करावा लागतो. ऐन फराळाच्या घाईत हे कोणाच्या ध्यानात राहणार?

ज्यांनी अर्ज भरला, त्यांच्या दारी पथक येते. ओसरीवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहतो, आजी थरथरत्या हाताने मतपत्रिकेवर खूण करतात. मतपत्रिका लहान पाकिटात, प्रतिज्ञापत्र त्याच्या बाहेर, मग दोन्ही मोठ्या पाकिटात. या साऱ्याचे चित्रीकरण होते. प्रतिज्ञापत्र चुकून लहान पाकिटात गेले, की ते पाकीट न उघडताच मत बाद.

अशा टपाली मतांत घोळ होतो, ही शंका जुनीच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वायव्य मुंबईत यंत्रांवरच्या मोजणीत दोघा उमेदवारांत एकाच मताचे अंतर होते. निकाल ४८ मतांनी लागला आणि वाद पेटला तो बाद टपाली मतांवरून. आपल्या रायगडातही २०१४ च्या लोकसभेला शिवसेनेचे अनंत गीते २,११० मतांनीच तरले होते. तेव्हा पाकिटावर नजर हवीच. पण आम्हाला चिंता आहे ती ज्यांच्यापर्यंत पाकीट पोचतच नाही त्यांची.

श्रीवर्धन, मुरूड, उरणच्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा जहाजावर असतो. तो नौदलात असेल, तर त्याला मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मिळते. त्याचाच भाऊ व्यापारी जहाजावर असेल, तर त्याला ही सोय नाही. परदेशी राहणाऱ्यांना २०१० च्या दुरुस्तीने नाव नोंदवता येते, पण मत द्यायला गावी यावे लागते. मासेमारीची बंदी जून-जुलैत, म्हणजे लोकसभेचा मे आणि विधानसभेचा नोव्हेंबर हे दोन्ही महिने ऐन हंगामातले. बोट खोल समुद्रात आणि केंद्र बंदरावरच्या शाळेत. २०२४ च्या मे महिन्यात रायगडात ६० टक्क्यांच्या आसपास मतदान झाले, तेव्हा मतदारांच्या उदासीनतेवर पुष्कळ प्रवचने झाली. समुद्रावर असलेल्यांना त्या ‘उदासीनां’त मोजणे आम्हाला पटत नाही. घरपोच मतदानाने टक्का फारसा हलणार नाही, कारण ते मतदार मुळात थोडे. खलाशाला पाकीट मिळाले, तर किनाऱ्यावरच्या काही केंद्रांवर फरक दिसेल.

गावी मत असलेल्या मुंबईकरांना आणायला मात्र उमेदवार गाड्या पाठवतातच! प्रचाराला दारी येतील तेव्हा जहाजावरच्या मताचे काय, हेही त्यांना विचारा.