आधी नाव लिहा, मग माईक लावा

देहूत तुकाराम बीजेला आणि सप्ताहाला माईक लावणं, कीर्तनं रेकॉर्ड करणं हा माझा धंदा. हाताखाली नवा पोरगा आला की विचारतो, माईक कुठला चांगला? मी सांगतो, आधी वही घे. गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख लिही.

हा धडा मी बर्नार्ड बेल यांच्या कामातून घेतला. बेल हे फ्रान्सचे अभियंते आणि संगीत-संशोधक. तबल्याच्या बोलांची रचना संगणकावर मांडणारी ‘बोल प्रोसेसर’ प्रणाली त्यांनी घडवली. आपल्या शेजारच्या मुळशी तालुक्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ बायकांच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घेत होते. 1990 च्या दशकात बेल त्यांना येऊन मिळाले. गाणाऱ्या बायकांच्या गावोगावी जाऊन 120 तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झालं. महाराष्ट्रभरातून जमलेल्या ओव्यांची संख्या लाखावर गेली.

पण मला मोठं वाटतं ते पुढचं काम. कुठली ओवी कुणी गायली, कुठल्या गावात, विषय कोणता, ती कुठल्या टेपवर आहे, याची जोडणी त्यांनी चिकाटीनं केली. म्हणून तर 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाला त्या ओव्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासह लोकांपुढे आणता आल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई आंबोरे यांचा आवाज आज कुणीही त्यांच्या नावानं ऐकू शकतो.

आता मोबाईल सगळ्यांकडे आहे, वेगळं काय करायचं, असं लोक म्हणतात. रोज ग्रुपवर एखाद्या आजीची ओवी येते. आजी कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नसतं. उद्या कुणी त्याच ओवीला ठेका लावून स्वतःच्या नावानं गाणं काढलं, तर त्या माउलीच्या बाजूनं बोलायला पुरावा कुठला? बिननावाचं रेकॉर्डिंग करणं हा गाणाऱ्यावर अन्याय आहे.

आपल्या मातीत तरी हे सांगावं लागू नये. चाकणचे संताजी जगनाडे तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून आपण त्यांना वंदन करतो. गाणाऱ्याइतकाच टिपणारा मोलाचा, हे या परिसराला साडेतीनशे वर्षांपासून माहीत आहे.

गिरणी आली, जातं थांबलं. ज्यांनी दळताना ओव्या गायल्या त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या. त्यातल्या कितीतरी आपल्याच आसपास आहेत. चाकण, तळवडे, भोसरीच्या कंपन्यांत लागलेल्या मुलांमागून बीड, परभणी, लातूरहून आलेल्या आया चिखलीत, देहूगावात भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या तोंडी त्यांच्या गावच्या ओव्या आहेत. देहू नगरपंचायतीनं आणि शाळांनी यंदा हे काम हाती घ्यावं. खर्च फार नाही, पोरांना वह्या द्या.

घरच्यांनी मात्र कुणाची वाट पाहू नये. आजीची परवानगी घ्या. पंखा बंद करा, मोबाईल फ्लाइट मोडवर टाका आणि हातभर अंतरावर ठेवा. पहिल्यांदा तिलाच तिचं नाव, माहेर, सासर आणि ओवी कुणाकडून शिकली ते सांगू द्या. तारीख तुम्ही बोला. मग तिला गाऊ द्या, आणि मध्ये बोलू नका.