पिशवी काढण्याआधी

"सिस्टर, माझी पिशवी काढली." गर्भाची पिशवी, पण दाढ काढल्यासारखं सांगायच्या बायका. बीड जिल्ह्यातल्या वडवणी-धारूरच्या वाड्यातांड्यांवर मी आरोग्यसेविका म्हणून आयुष्य काढलं. का काढली विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "अंगावरून पांढरं जायचं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर होईल."

वय तीससुद्धा नाही. कोयता घेऊन साखर कारखान्याला ऊस तोडायला जायचं, राहायच्या कोपीपाशी ना पाणी ना आडोसा, खाडा पडला की पैसे कापले जाणार. पाळीची कटकटच मिटते म्हटल्यावर बाई मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन करते. 2019 मध्ये या ऑपरेशनांच्या चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीड जिल्ह्याचा आकडा आला: 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. पुढे ऑपरेशनला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. पण मनातली भीती परवानगीनं जात नाही.

पांढरं जाणं बहुतेकदा साध्या जंतुसंसर्गानं होतं आणि औषधानं थांबतं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निराळा. शरीरसंबंधातून येणाऱ्या एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे तो होतो. बहुतेकींच्या अंगातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. जिच्यात ठाण मांडतो, तिच्या पेशी हळूहळू बिघडतात; कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात. तेवढ्या काळात चाचणीनं बिघाड सापडला, तर बिघडलेला भागच जाळून किंवा गोठवून टाकता येतो. पिशवी जागेवर राहते.

वेळेवर चाचणी केली तर जीव वाचतो, हे सिद्ध झालंय आपल्या शेजारीच. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यानं घटले, हे 2009 मध्ये जगापुढे आलं. बीडपासून बार्शी किती लांब आहे?

माझ्या भागातली पंचावन्नची एक आजी सांगत होती, "पाळी परत आली बघा." पाळी गेल्यावर सात वर्षांनी! लाजेपोटी तिनं चार महिने अंगावर काढले. तिला कुणी कॅन्सरची भीती घातली नव्हती, आणि तपासणीची खरी गरज तिलाच होती. पाळी गेल्यावर, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त गेलं, रक्तमिश्रित घाण वासाचं पाणी गेलं, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

माझी मागणी एकच आहे. कोयते दसरा-दिवाळीला निघतात. त्याआधी, भादव्यातच, प्रत्येक तांड्यावर तिशीपुढच्या बाईची एचपीव्ही चाचणी झाली पाहिजे, आणि गाडी भरायच्या आत रिपोर्ट तिच्या हातात पडला पाहिजे.