खीळ कुठं ठोकायची?

बालमित्रांनो, आज आपण एक चक्र काढू या. साधंसुधं नाही हं, आपल्या तिरंग्यावरचं अशोकचक्र! २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेनं तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला. त्यावरच्या चक्राला आरे किती? शाब्बास, २४!

स्वातंत्र्यदिनासाठी करडीतल्या आमच्या मुलांनी हे चक्र संगणकावर, एका वेबपानावर काढायचं ठरवलं. वेबपानावरचा मजकूर आणि चित्रं कशी दिसावीत हे ज्या भाषेत सांगतात, तिला सीएसएस म्हणतात. तिची पहिली प्रमाणित आवृत्ती १९९६ साली आली. वस्तू फिरवण्याची सोय मात्र तिच्यात बरीच नंतर झाली.

हिशेब सोपा होता. पूर्ण फेरी ३६० अंशांची. ३६० भागिले २४ म्हणजे १५. चक्राच्या केंद्रापासून वरच्या कडेपर्यंत एक उभा आरा काढायचा. त्याच जागी एकावर एक असे २४ आरे ठेवायचे. मग पहिल्याला ० अंश, दुसऱ्याला १५, तिसऱ्याला ३०, असं करत शेवटच्याला ३४५ अंश फिरवायचं. त्यासाठीचा हुकूम ‘ट्रान्सफॉर्म: रोटेट’ आणि पुढं कंसात अंश. (संगणकावर तो इंग्रजी अक्षरांत लिहायचा बरं का!) साधा आकडा दिला की वस्तू घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते, उणे आकडा दिला की उलटी.

मी ऐटीत बटण दाबलं. आणि काय सांगू! मोठ्या वर्तुळाच्या वरच्या भागात अर्ध्या आकाराचं चिमुकलं चक्र अडकून बसलं होतं. खालची जागा रिकामी! पोरं खुदुखुदु हसायला लागली. मी अंश पुन्हा तपासले. एकही चूक नाही. तिकडं झेंडावंदन तर दोन दिवसांवर आलेलं.

तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, आजीचं जातं मधल्या खिळ्याभोवती फिरते. अन् आपले आरे तं आपल्याच पोटाभोवती फिरून राह्यले!”

अगदी बरोबर! आपण काहीच सांगितलं नाही, तर सीएसएस प्रत्येक वस्तूला तिच्याच मध्यबिंदूभोवती फिरवते. आऱ्याचा मध्य म्हणजे चक्राचा मध्य नव्हे. आऱ्याची खीळ हवी त्याच्या खालच्या टोकाला, कारण ते टोक चक्राच्या केंद्रावर आहे. खीळ कुठं ठोकायची ते सांगणारा हुकूम वेगळा, ‘ट्रान्सफॉर्म-ओरिजिन’. त्यापुढं ‘बॉटम सेंटर’, म्हणजे ‘खाली, मधोमध’, असं लिहिलं मात्र, आणि चोवीसच्या चोवीस आरे आपापल्या जागी जाऊन बसले!

टाळ्या झाल्या, त्या त्या मुलीसाठी. मुलांनो, किती फिरायचं हे मला ठाऊक होतं. कशाभोवती फिरायचं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

आता तुमची पाळी. वेबपानावर घड्याळ काढलंय आणि तासकाटा बारावर उभा आहे. तो तीनवर न्यायला किती अंश फिरवाल? आणि खीळ कुठं ठोकाल? वहीत काढून आई-बाबांना दाखवा. उत्तर पुढच्या अंकात!