तंबूतली शेगडी

डिसेंबर लागला की दर शनिवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या भंडारदऱ्याच्या वाटेला लागतात. धरणाच्या जलाशयाकाठी तंबू उभे राहतात, शेकोटी पेटते, बार्बेक्यू होतो. पाण्यात बुडण्याच्या धोक्याची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. मध्यरात्रीनंतरचा धोका मात्र कोणाच्या बोलण्यात येत नाही. थंडी वाढते, शेकोटी विझत येते आणि कुणीतरी निखाऱ्यांची शेगडी तंबूत ओढून घेतो. (सामानात स्पीकर असतो, जादा पांघरूण नसते.) धूर तर नाही, मग काय बिघडले, असा हिशेब असतो.

तो इथेच चुकतो. लाल निखाऱ्यातून धूर निघत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. श्वास चालू राहतो, पण पेशींना प्राणवायू पोचत नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. सहलीत हे सारे जागरणाच्या किंवा दारूच्या खात्यावर टाकले जाते. झोपलेल्याला तर कळतही नाही. त्यात जाळीच्या खिडक्या थंडीमुळे बंद असतात आणि दवाने भिजलेल्या कापडातून हवा आणखी कमी खेळते. चेन थोडी उघडी ठेवणे हा उपाय नव्हे.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळच्या आठ पर्यटकांचा हॉटेलच्या बंद खोलीत मृत्यू झाला. त्यांत चार मुले होती. खोलीत गॅसचा हीटर होता. तंबू तर खोलीहून कितीतरी लहान.

कोविडनंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते, त्यामुळे बेशुद्ध होत चाललेल्या माणसाच्या बोटावरही तो ९८ दाखवू शकतो. साध्या हवेत रक्तातले या वायूचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. म्हणून रुग्णालय गाठावेच लागते, आणि आडबाजूच्या काठावरून ते जवळ नसते.

तंबू भाड्याने देणाऱ्यांनी जादा रजया आणि बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म ठेवला तर खर्च फार नाही. तंबूत कोणाचे डोके जड झाले तर आधी सगळ्यांनाच उठवून उघड्यावर आणावे, मग १०८ ला फोन करावा. शेगडी विझवायला आत थांबू नये.