विशेष काही नाही

माघ सरत आला आणि काटेसावरीच्या बोडक्या फांद्यांवर लाल फुलं दिसू लागली, की आमच्या पुण्यातल्या टेकड्यांवर माणसांचाही एक थवा उतरतो. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर कापडी टोपी, अंगात शेवाळी शर्ट आणि चेहऱ्यावर मुलाच्या निकालाला आलेल्या बापाची काळजी. हे पक्षिनिरीक्षक. थंडीतले पाहुणे पक्षी परत निघालेले असतात, इथले घरट्यांच्या खटपटीत असतात, त्यामुळे या मंडळींचा हा ऐन लग्नसराईचा काळ. रविवारी नऊच्या सुमारास टेकडीखालच्या टपरीवर चहाच्या जोडीने बातम्यांची देवाणघेवाण चालते.

"पाषाणला शंकर दिसला!" अशी बातमी एका शेजाऱ्यांनी महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी आमच्या दारात येऊन दिली, तेव्हा आमच्या आईने दोन्ही हात जोडले होते. शंकर हा निळ्या गळ्याचा, हिवाळ्यात येणारा चिमणीएवढा पक्षी असतो, हे कळल्यावरही तिने हात सोडले नाहीत. म्हणाली, "असू दे. आला ना!"

मला हा उत्साह आवडतो. माझं भांडण वेगळंच आहे. परवा याच शेजाऱ्यांना जिन्यात विचारलं, "काय हो, आज काय दिसलं?"

"विशेष काही नाही."

"म्हणजे पक्षीच नव्हते?"

"होते हो. कावळे, साळुंक्या, बुलबुल, तांबट, भोरड्या. नेहमीचंच."

नेहमीचंच! अहो, तो तांबट पाहिलाय का कधी नीट? मूठभर हिरवा जीव, कपाळावर लाल टिळा, आणि उन्हाची चाहूल लागली की तांबट आळीतल्या कारागिरासारखं टुक्‌ टुक्‌ टुक्‌ सुरू करतो तो संध्याकाळपर्यंत. ओव्हरटाइम मागत नाही. आणि भोरड्या? गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या बाया मध्य आशियाकडून हजारो किलोमीटर उडत येतात, सावरी-पळसाच्या फुलांत चोची बुडवून गोडाधोडाचं जेवतात आणि एप्रिलपर्यंत परत जातात. एवढ्या लांबून जावई आला असता तर आपण स्टेशनवर रिक्षा घेऊन उभे राहिलो असतो. भोरड्यांची वहीत एक ओळसुद्धा नाही.

आता कुणी म्हणेल, दुर्मीळ पक्ष्याचं मोल मोठंच. कबूल! १८८४ नंतर ज्याचा खात्रीचा पुरावा नव्हता तो रानपिंगळा १९९७ साली आपल्याच शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला, तेव्हा जगभरच्या पक्षितज्ज्ञांनी कान टवकारले. पण असा योग तब्बल ११३ वर्षांनी आला. तुम्ही टेकडीवर दर रविवारी जाता. मधल्या रविवारी काय करणार?

शिवाय दुर्मिळाची हाव वाईट. याच रानपिंगळ्याचा एक नमुना आपण १९१४ साली गुजरातेत मिळवला, असा कर्नल माइनर्टझहागेन नावाच्या इंग्रज साहेबाचा दावा होता. पुढे उघडकीला आलं, की तो नमुना जुनाच होता; जेम्स डेव्हिडसन यांनी जमवलेला. साहेबांनी तो ब्रिटिश संग्रहालयातून लांबवून त्यावर नवी चिठ्ठी डकवली होती. ती नोंद बाजूला सारून खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळले, त्यांनाच रानपिंगळा भेटला. आमच्या टपरीवरचं कुणी या थराला जाणार नाही, पण "बहुतेक" दिसलेला पक्षी दुसऱ्या चहापर्यंत "नक्की" दिसलेला होतो, हे मी या कानांनी ऐकलं आहे.

कावळ्याबद्दल मात्र कुणी खोटं बोलत नाही. म्हणून तर कावळ्याची नोंद हवी.

विनोद बाजूला ठेवून गिधाडांचं सांगतो. गावाबाहेर गुरू मेलं की गिधाडं उतरायचीच. त्यांच्याइतकं "नेहमीचंच" दुसरं काय होतं? ती कोण मोजणार! भरतपूरच्या केवलादेवमध्ये विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात ती मोजून ठेवली होती. नव्वदच्या दशकात पुन्हा मोजली, तेव्हा आकडा पाहून झोप उडायची वेळ आली. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना तेव्हा देत ते डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक मेलेल्या गुरातून गिधाडांच्या पोटात जात होतं. हे कारण २००४ साली पुढे आलं, जनावरांसाठी त्यावर बंदी २००६ साली आली. जुना आकडा कुणी लिहूनच ठेवला नसता तर? "हल्ली गिधाडं दिसत नाहीत बुवा," एवढं म्हणून आपण चहा पिऊन उठलो असतो.

चिमण्यांचं तेच. २०१० पासून २० मार्चला चिमणी दिवस साजरा होतो. चिमण्या संपल्या म्हणून आपण गळे काढतो, आणि होत्या तेव्हा किती होत्या हे विचारलं की एकमेकांची तोंडं पाहतो. देशभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२० साली एक अहवाल निघाला, तेव्हा चित्र दिसलं: देशभरात चिमणी साधारण टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र घटते आहे. हे कळलं ते अशा लोकांमुळे, ज्यांना आपल्या वहीत "चिमण्या ६" लिहायची लाज वाटली नाही.

यासाठी पाषाणलाही जायला नको. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना चालते. भारतात ती २०१३ पासून होते. किमान पंधरा मिनिटं, असाल तिथे बसून दिसतील तेवढे सगळे पक्षी मोजायचे. गॅलरीतून मोजलेले चालतात. आमची आई खिडकीत शेंगा सोलता सोलता मोजेल, आणि तिचा आकडा कर्नलसाहेबांच्या आकड्यापेक्षा खरा असेल.

तेव्हा दुर्बीणवाले हो, शंकराला नमस्कार जरूर करा, पण कावळे किती, साळुंक्या किती, पहिला कोकीळ कोणत्या तारखेला ओरडला, भोरड्या कधी गेल्या, तेही लिहा. गिधाडाचा तुमच्यात हल्ली केवढा मान आहे, पाहा. एखादं आकाशात तरंगताना दिसलं की तुम्ही आठवडाभर त्याच्याविषयी बोलता. गिधाड आता "विशेष" झालं आहे. साळुंकीवर ही वेळ येऊ नये, एवढंच म्हणणं.